दाखव हात

२१ जानेवारी २०२०, मंगळवार

आज सुइणींचा दिवस. सकाळपासून घर बायकांनी भरलेलं.

आईंना दारात खुर्चीवर बसवलं. गळ्यात लाल मिरच्यांची माळ, डोक्यावर सुकलेल्या फुलांचा गजरा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, स्तामेना. या गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातांत जन्मली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा इस्पितळातली त्यांची जागा मला मिळाली. त्यांचा मुलगा, माझा नवरा, गेला त्याला बरीच वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच.

एकेक बाई पुढे आली, आईंच्या हातांवर पाणी ओतलं, साबण दिला, नवा टॉवेल दिला. साबण आईंचाच. डुकराच्या चरबीत घरी घोटलेला, करडा, उग्र.

"या साबणाचा वास चार घरं सोडून येतो," शेजारची गेना म्हणाली. "हात धुतले की नवरा जवळ फिरकत नाही."

"म्हणून तुझं तीन पोरांवर भागलं," आई म्हणाल्या. "नाहीतर माझी सुटका नव्हती."

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. या दिवशी पुरुषाने घरात यायचं नसतं. इस्पितळातले डॉ. व्लाखोव मुद्दाम आले. बायकांनी त्यांची टोपी काढून घेतली आणि वाइनचा बुधला आणल्यावरच परत दिली. "आजीबाई, मला तरी सोडा, मी पोटं फाडतो," ते म्हणाले. "तेच तर," आई म्हणाल्या. "मी कधी सुरी लावली नाही."

सगळ्या गेल्यावर आई नेहमीसारख्या म्हणाल्या, "दाखव हात."

मी रात्रपाळी करून आले होते. रोज कामावरून आले की त्या माझे हात नाकाशी धरतात. लग्न होऊन आले तेव्हा मला शिसारी यायची. आता हात आपोआप पुढे होतात.

"मुलगी. पाणी चांगलं होतं. आणि तू काही खाल्लेलं नाहीस."

खरं होतं. हातमोजे असतात, मी कोपरापर्यंत धुते, तरी त्यांना कळतं. गर्भजलाचा वास घ्यायला मी त्यांच्याकडूनच शिकले. चांगल्या पाण्याला ओल्या पेंढ्यासारखा वास येतो. बिघडलेलं पाणी ताप चढायच्या आधी सांगतं. डॉक्टर माझ्या नाकावर विश्वास ठेवतात. मी आईंच्या.

१३ मार्च, शुक्रवार

देशात आणीबाणी. शाळा बंद, दुकानांपुढे रांगा.

खऱ्या मास्कचा एक खोका आला. ते सगळे ऑपरेशन थिएटरला. बाईला पूर्ण भूल देऊन घशात नळी घालतात तेव्हा तिच्या छातीतली हवा उलटून अंगावर येते, म्हणून. लेबर रूमला शिवणाच्या कारखान्यातल्या बायकांनी शिवलेले कापडी मास्क.

मी डॉक्टरांना म्हटलं, "तुमची बाई झोपलेली असते. माझी दिवसभर माझ्या तोंडावर ओरडते."

"मला कळतं, मिन्का. वरून तसा कागद आलाय."

"कागदाला कधी कळा आल्यात?"

ते हसले. मग आजूबाजूला बघून स्वतःचा एक मास्क माझ्या खिशात सरकवला. "खरी गरज पडेल तेव्हा." मी तो कपाटात ठेवलाय.

१६ मार्च, सोमवार

अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात राहायला आले. एक खाट, चूल, नळ. मी रोज इस्पितळात जाते. आई एक्क्याऐंशी वर्षांच्या. एका छपराखाली राहणं बरं नाही.

"माझा विटाळ झाला का तुला?" त्या खिडकीतून ओरडल्या.

"तुम्हाला माझा होऊ नये म्हणून."

"टायफॉइडच्या घरांत बाळंतपणं केलीत मी. तेव्हा तू चड्डीत मुतत होतीस."

आजपासून त्यांनी घराबाहेर पडायचं नाही. भाकरी गेना आणेल. ती बेकरीत आहे. तिचा नवरा दम्याचा, त्यामुळे ती माझ्याहून काटेकोर. भाकरी उकळलेल्या फडक्यात गुंडाळते, फाटकाच्या खांबावर ठेवते, आणि रस्त्यापलीकडे जाऊन तिथून हाक मारते. आई म्हणतात, "कुत्र्याला टाकल्यासारखी."

संध्याकाळी मी आले तर आई खिडकीशी.

"दाखव हात."

"आता नाही, आई."

"मग मला कळणार कसं कसं झालं ते?"

"मी सांगते ना तोंडाने."

"तू कामावरचं काहीही सांगतेस," त्या म्हणाल्या, आणि खिडकी लावून घेतली. दोन दिवस बोलायच्या नाहीत, मला माहीत आहे.

१८ मार्च, बुधवार

तोड काढली. इस्पितळात धुवायचं, नळावर त्यांच्या साबणाने पुन्हा धुवायचं, मग खिडकीतून हात आत. त्या वीतभर लांबून वास घेतील, शिवणार नाहीत. मी तोंड वळवून उभी राहीन.

त्या खूश आहेत. "मुलगा," आज म्हणाल्या. "नाळ गळ्याभोवती होती?" होती.

२० मार्च, शुक्रवार

वास्का, पहिलटकरीण. वरच्या खेड्यातली. बरोबर तिची सासू. "सगळा हिवाळा घरीच होती हो, उंबरठा ओलांडला नाही," मी विचारायच्या आधीच सासू म्हणाली. इटलीतून, स्पेनमधून आलेल्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचं असा हुकूम आहे. मी पुढे काही विचारलं नाही.

कळा सकाळपासून, पुढे सरकेना. मी तिच्यासमोर बसून तिच्याबरोबर श्वास घेत होते. असं केल्याशिवाय पहिलटकरणीला जमत नाही. ती माझा दंड धरून माझ्या तोंडावर ओरडत होती. मध्येच इटालियन. बास्ता, बास्ता, म्हणजे पुरे. हल्ली सगळ्या पोरी त्या मालिका बघतात.

मास्क ओला झाला, बदलला, तोही ओला झाला. कपाटातला आठवला. पण साधीच प्रसूती होती.

दुपारी पाणी गेलं. रंग ठीक होता. मी मास्क खाली घेतला, वाकले, वास घेतला. पेंढा नव्हता. कुजलेली पानं होती. डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "ताप तर आत्ता कुठे चढतोय." मी म्हटलं, "मी वास घेतलाय." त्यांनी पुढे विचारलं नाही. सिझेरियन.

घाई होती, पूर्ण भूल दिली, घशात नळी घातली. थिएटरमध्ये सगळ्यांनी खरे मास्क लावलेले. मी बाळ घ्यायला दारापाशी, कापडी लावून. मुलगा. जरा वेळाने रडला. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर हा रडला नसता. तुझ्या नाकाला पदक द्यायला हवं."

"आईंच्या नाकाला," मी म्हटलं.

संध्याकाळी आईंनी हातावरून दोनदा नाक फिरवलं. "पाणी बिघडलं होतं," म्हणाल्या. मग, "वाचला ना?"

"वाचला."

त्यांनी नियम मोडला. माझी बोटं धरून ओठांना लावली. मी हात ओढून घेतला आणि रागावले. त्या हसत होत्या.

२५ मार्च, बुधवार

आज मासे खायचा सण. आईंनी तळले, ताटली खिडकीत ठेवली. मी अंगणात खाल्ले, त्या आत. मध्ये काच.

दोन दिवस घसा खवखवतोय. इस्पितळात फरशीला इतकं क्लोरीन टाकतात की डोळ्यांना पाणी येतं. ताप नाही. रोज दोनदा बघते. खोकला नाही. थकवा आहे, पण तो कोणाला नाही?

आईंनी वास घेऊन सांगितलं, "क्लोरीन. दुसरं काही येऊच देत नाही मेलं."

२९ मार्च, रविवार

घसा बरा आहे. आई आज अंगणात आल्या, मी लांब उभी. खिडकीखाली त्यांनी झ्द्रावेत्स लावलाय. त्याचं पान चुरडलं की बोटांना दिवसभर वास राहतो. त्यांनी एक चुरडलं, मग दुसरं, मग मूठभर.

"यंदा पानाला जोर नाही," म्हणाल्या.

हिवाळा कोरडा गेला, त्यामुळे असेल.

३० मार्च, सोमवार

आज आनंदाचं लिहायचं आहे.

संध्याकाळी हात धुतले, खिडकीतून आत दिले. आईंनी वास घेतला. जवळ आल्या, पुन्हा घेतला. हात उलटा करून तळव्यावर घेतला.

"कसलाच वास नाही," म्हणाल्या.

"क्लोरीनचा?"

"नाही गं. कसलाच नाही. तू कामावर गेली होतीस ना?"

गेले होते. दोन बाळंतपणं केली होती. मी तिथेच खिडकीखाली रडले. लग्न होऊन आल्यापासून आईंच्या नाकातून माझं काही सुटलेलं नाही. त्या नाकाला आज काही सापडलं नाही, म्हणजे मी खरोखर स्वच्छ होते. इतके दिवस मला भीती होती की हे हातांना चिकटून घरी येतं, आणि आपल्याला दिसत नाही. पण त्यांना कळलं असतं. त्यांना कळतंच.

पंधरवडा होऊन गेला, मला ताप नाही, खोकला नाही. उद्या घरात राहायला जाते.

३१ मार्च, मंगळवार

घरात. माझी खाट, माझी उशी. आईंनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि गालांचे मुके घेतले.

"बघू, वाळलीस," म्हणाल्या. "चुलीवरचं जेवण म्हणजे काय जेवण?"

२ एप्रिल, गुरुवार

कामावरून आले तर घरभर धूर. घेवडा तळाला लागून कोळसा झाला होता, आणि आई शेजारच्या खुर्चीत लोकर गुंडाळत बसलेल्या.

"आई, जळलं!"

"काय जळलं?"

मी खिडक्या उघडल्या. त्या भांड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हातारी झाले, मिन्का." असं त्या कधी म्हणत नाहीत. मी त्यांची थट्टा केली, नवा घेवडा चढवला. त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि मीठ घालायला विसरलीस म्हणाल्या. घातलं होतं. पुन्हा घातलं.

५ एप्रिल, रविवार

आईंना ताप. खोकला नाही. पायात गोळे येतात म्हणतात. राकिया दारूने अंग चोळलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तू घरातच राहा. येऊ नकोस कामाला."

७ एप्रिल, मंगळवार

श्वास जड. मी मोजला, मग मोजायचं थांबवलं.

रुग्णवाहिका दुपारी आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं, डोळ्यांवर काचा. आई म्हणाल्या, "हे कोण, मधमाश्या पाळणारे?" त्यांतला एक हसला. मला बरोबर येऊ दिलं नाही. मी म्हटलं, मी इस्पितळातली आहे. तो म्हणाला, "ताई, तुम्ही तर मुळीच नाही."

स्ट्रेचर फाटकातून जाताना आईंनी हात पुढे केला. मला वाटलं, हात धरायचाय. पण त्यांना माझा हात नाकाशी न्यायचा होता. त्या माणसाने मध्ये हात घातला.

दरवाजा बंद झाल्यावर मी दोन्ही हात वर करून उभी राहिले. काचेतून दिसले असतील.

९ एप्रिल, गुरुवार

त्यांच्या तपासणीत विषाणू निघाला. माझ्याही. मला काही होत नाही. आईंकडून लागला असणार.

आईंना कुठून लागला याचा दिवसभर विचार करते आहे. त्या फाटकाबाहेर गेल्या नाहीत. घरात मी, आणि भाकरी. दुसरं काहीच आलेलं नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

सकाळी गेनाने भाकरी ठेवली, रस्त्यापलीकडे गेली, हाक मारली. मी फाटकाशी गेले.

"घेऊन जा तुझी भाकरी."

"काय झालं गं?"

"दिवसभर बेकरीत गावाचे पैसे हाताळतेस. तेच हात इथे. घरात दुसरं काही आलेलं नाही, गेना. तुझी भाकरीच आली."

ती रस्त्यापलीकडे उभी होती. तिने मास्क लावला होता, वरून ओढणीही बांधली होती. "मी फडकी उकळते," ती म्हणाली. "मिन्का, मी प्रत्येक फडकं उकळते."

"मग नीट उकळलं नसशील."

भाकरी मी कोंबड्यांना टाकली.

१२ एप्रिल, रविवार

आज पाम संडे. लोकांनी फाटकांना विलोच्या डहाळ्या बांधल्यात. आमच्याही बांधलेली दिसते. कोणी बांधली माहीत नाही.

आई सकाळी गेल्या. डॉक्टरांनी फोन केला. जिल्ह्याच्या इस्पितळातून त्यांना कळलं. "नळी घालायला गेले, पण त्यांनी नको म्हटलं," ते म्हणाले. "हाताने बाजूला केली."

सुरी लागू दिली नाही त्यांनी कधी. मी डॉक्टरांना तसं म्हटलं. 

१३ एप्रिल, सोमवार

पुरलं. बंद पेटीत, पिशवीत. अंघोळ नाही. हात धुतले की नाही ठाऊक नाही. मी विलगीकरणात असल्यामुळे मला जाता आलं नाही. पाद्री आणि दोन मजूर. डॉक्टर लांब उभे होते म्हणतात.

मी अंगणात त्यांच्या खुर्चीवर बसले. घंटा ऐकू आली.

जिने गावाला अंघोळ घातली, तिला कोणी घातली नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टर फाटकाशी आले. मी आत, ते बाहेर.

वास्का इटलीहून आली होती. मिलानजवळ एका म्हातारीची देखभाल करायची. तिचा सासरा आता आजारी आहे, तेव्हा घरच्यांनी कबूल केलं.

"म्हणजे ती बास्ता मालिकेतली नव्हती," मी म्हटलं.

"नव्हती."

"पण मला काही झालं नाही, डॉक्टर. घसा खवखवला, तो क्लोरीनने. आणि मी आईंजवळ गेलेच नाही, खात्री होईपर्यंत."

"कसली खात्री?"

मी त्यांना सांगितलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. खिडकी, हात, रोज वास घेणं. आणि त्या सोमवारी त्या म्हणाल्या, कसलाच वास नाही. मग मी घरात गेले.



"आणि तू हात त्यांच्याच साबणाने धुतले होतेस?"

"हो. त्यांच्याच."

"साबणाचाही नाही म्हणाल्या?"

"कसलाच नाही."

त्यांनी चष्मा काढला. मास्कमुळे वाफ धरते. पुसत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "तू काळजी घेतलीस, मिन्का. तुझ्याइतकी मी कोणी घेताना पाहिलेली नाही."

मला हे ऐकून बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

जाताना वळून म्हणाले, "गेनाला काही बोलू नकोस."

"बोलले."

"बरं," ते म्हणाले. "मग आता नको."

फाटकाच्या खांबावर भाकरी होती. मी आणली नाही.

६ मे, बुधवार

पुन्हा कामावर. लेबर रूमला आता खरे मास्क आलेत. कपाटातला तो एक तसाच आहे.

डॉक्टर माझ्याशी चांगले वागतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. थकलेत.

आज पाण्याचा वास घ्यायला मास्क खाली घेतला तर ते म्हणाले, "आता हे सोडून दे." एवढंच. मी कारण विचारलं नाही.

२२ मे, शुक्रवार

आईंचा चाळीसावा दिवस.

गहू शिजवले, साखर घातली, थडग्यावर नेले. पाच-सहा बायका आल्या. आम्ही लांब लांब उभ्या. ज्याला गहू द्यायचे त्याने गेलेल्या माणसासाठी "देव क्षमा करो" म्हणायचं. म्हणाल्या.

गेना सगळ्यांच्या मागे होती. मी तिच्या तळव्यावर गहू ठेवले.  ती म्हणाली, "देव क्षमा करो."

मी काल रात्री ठरवलं होतं. आईंच्या नावाने मनात काही ठेवायचं नाही. म्हटलं, "गेना, मी तुला माफ केलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टर तिच्या मागे उभे होते, त्यांनी टोपी हातात घेतली होती. मला वाटलं गेना काहीतरी बोलेल. तिने ओठ उघडले, एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं झालं, मिन्का," ती म्हणाली. "माझ्याकडूनच झालं असेल. असणारच."

मग रडली. मी आजवर कोणाला इतकं रडताना पाहिलेलं नाही. तिच्यावरचं ओझं उतरलं असावं.

स्मशानातून परतल्यावर घरात शिरण्याआधी हात धुवायचे असतात, एकीने दुसरीच्या हातावर पाणी ओतायचं. गेनाने बुधला आणला. मी आईंचा शेवटचा साबण आणला. इतके दिवस तो मी कपाटात ठेवला होता. ती ओतत गेली, मी चोळत गेले. तिला म्हटलं, "पुरे." ती ओतत राहिली.

तिने नवा टॉवेल दिला. हात पुसले, आणि सवयीने ते पुढे केले. समोर गेना होती. ते हवेत राहिले. मग मीच नाकाशी नेले.

साबणाचा वास आला. उग्र, करडा, चार घरं सोडून येतो तसला.

आता लिहितानाही येतोय. मी दोनदा साध्या पाण्याने धुऊन आले. अजून येतोय.